कपल डान्स स्केटिंग: जोडीचं वळण कुठे जमतं आणि कुठे फसतं

एकेकट्याने करताना दोघांचाही थ्री टर्न (पाय न बदलता पुढून मागे किंवा मागून पुढे वळणं) स्वच्छ येतो, आणि हात धरला की तोच टर्न मोडतो. क्वाड स्केटवर (पुढे दोन आणि मागे दोन चाकांच्या स्केटवर) कपल डान्स शिकणाऱ्या बहुतेक जोड्या या ठिकाणी अडतात, मग त्या नागपूरच्या रिंकवर शिकत असोत की तालुक्याच्या गावी शाळेच्या सिमेंट मैदानावर. दोष आधी पायाला दिला जातो. पाय पुन्हा पुन्हा घोटला जातो आणि वळण तरीही मोडतंच. कारण चूक सहसा वळणाच्या दोन-तीन ठोके आधीच झालेली असते. दोघं एकाच गोलाईवर नसतात, किंवा त्यांच्यातलं अंतर वाढलेलं असतं. तो फरक मग वळणाच्या क्षणी हाताने ओढून भरून काढायचा प्रयत्न होतो, आणि ओढलेला माणूस स्केटवर वळत नाही, तो पडतो.

आधी अंतराचा हिशेब पाहू. दोघं शेजारी-शेजारी अर्धवर्तुळ काढत असतील तर बाहेरच्याला आतल्यापेक्षा किती जास्त जावं लागतं? उत्तर गोलाईच्या आकारावर अवलंबून नाही. दोघांमधलं अंतर गुणिले ३.१४, बस. कमरेला कमर लागून दोघांच्या मध्यरेषांत ३० सेंटिमीटर असतील तर बाहेरच्याला ९४ सेंटिमीटर जास्त. हात लांब करून १ मीटर २० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर पावणेचार मीटर जास्त, आणि तेही तेवढ्याच ठोक्यांत. धुऱ्यावर डवरं फिरवताना आतला बैल जवळजवळ जागच्या जागी पाय टाकतो आणि बाहेरचा लांब टांगा टाकत फेरा मारतो. जू दोघांना जवळ ठेवतं म्हणून ते जमतं. जोडीच्या स्केटिंगमध्ये हे काम होल्डचं, म्हणजे एकमेकांना धरण्याच्या पद्धतीचं आहे. होल्डने अंतर कायम ठेवायचं. साथीदाराला वळवणं हे होल्डचं काम नव्हे.

स्केट वळतो कसा

क्वाड स्केटच्या तळाला धातूची किंवा नायलॉनची प्लेट असते, तिच्याखाली दोन ट्रक, म्हणजे चाकांचा आस धरणारे भाग, आणि प्रत्येक ट्रकमध्ये रबरासारखं कुशन. तुम्ही बुटात एका बाजूला झुकलात की त्या बाजूचं कुशन दबतं, पुढचा आणि मागचा आस एकमेकांकडे कलतात आणि स्केट त्या बाजूला गोलाई घेतो. ही रचना १८६३ साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने आणली. त्याआधीचे चाकांचे स्केट बहुतेक सरळच जायचे, त्यांच्यावर गोलाई घेणं फार अवघड होतं.

म्हणून पहिली तपासणी बुटाची. बूट हातात धरा, चाकं जमिनीवर टेकवा आणि प्लेटची एक कड दाबा. चाकं त्या बाजूला वळली पाहिजेत. बाजारात लहान मुलांसाठी मिळणाऱ्या पट्ट्याच्या, लांबी कमी-जास्त होणाऱ्या स्केटचे आस बरेचदा घट्ट बसवलेले असतात, ते वळतच नाहीत. त्यांच्यावर चालायला शिकता येईल, एज, म्हणजे बुटाच्या एका कडेवर झुकून गोलाई घेणं, शिकता येणार नाही. हलक्या वजनाच्या मुलामुलीला कडक कुशनही अडवतं: मूल बरोबर झुकतं, पण कुशन दबत नाही आणि सगळे म्हणतात की झुकत नाहीये. मधल्या बोल्टची पकड पाव वळशाने सैल करून पाहा, चारही ट्रकची सारखी. फार सैल केलं तर वेगात बूट थरथरतो. जोडीतल्या दोघांचे ट्रक साधारण सारखेच मऊ असू द्या, नाहीतर सारखं झुकूनही एकाची गोलाई लहान आणि दुसऱ्याची मोठी पडेल. बेअरिंग मागवताना आसाची जाडी आधी मोजा: ६०८ नंबर ८ मिलिमीटरच्या आसाला बसतं, ६२७ नंबर ७ मिलिमीटरच्या. बाहेरून दोन्ही २२ मिलिमीटरचेच असल्याने दिसायला सारखे, आणि चुकीचा डबा आला की परत पाठवण्यात पंधरवडा जातो.

बुटाच्या बाहेरच्या कडेवर झुकलात तर आउटसाइड एज, आतल्या कडेवर झुकलात तर इनसाइड एज. उजवा-डावा पाय, पुढे-मागे आणि आत-बाहेर मिळून एकूण ८ एज होतात. सगळी वळणं म्हणजे एका एजवरून दुसऱ्या एजवर जाण्याचे मार्ग. पाय न बदलता, त्याच गोलाईवर, गोलाईच्याच दिशेने फिरलात तर थ्री. जमिनीवर उमटणाऱ्या रेषेचं टोक वर्तुळाच्या आत असतं. तसंच, पण गोलाईच्या उलट फिरलात तर ब्रॅकेट, टोक बाहेर. पाय बदलून त्याच गोलाईवर राहिलात तर मोहॉक. पाय बदलला आणि एजही बदलली, म्हणजे गोलाई दुसऱ्या बाजूला गेली, तर चॉक्टॉ. रॉकर आणि काउंटर ही एका पायावरची अवघड वळणं. जोडीची वळणं नीट समजायला थ्री आणि मोहॉक पुरतात, चॉक्टॉकडे फक्त एकदा डोकावू.

जोडी तीन प्रकारे वळते

हे बरेच कोचही स्पष्ट करून सांगत नाहीत, आणि गोंधळाचं मूळ इथेच आहे. दोन माणसं एकमेकांना धरून पुढून मागे वळणार असतील तर तीनच शक्यता असतात. दोघं आपापल्या जागी, आपापल्या आसाभोवती फिरतात. किंवा दोघं मिळून एकसंध फिरतात, मध्ये एक खांब आहे असं समजून. किंवा आळीपाळीने: एकाचं वळण चालू असताना दुसरा एज धरून ठेवतो. कोणता प्रकार आहे ते ठरलं नसेल, तर एकजण पहिल्या प्रकाराने आणि दुसरा दुसऱ्या प्रकाराने वळतो आणि खांद्याला खांदा आपटतो.

पहिला प्रकार. हातात हात घेऊन दोघं घड्याळाच्या उलट दिशेने फेरी घालत आहेत. मुलगा डावीकडे, म्हणजे आत. मुलगी उजवीकडे, म्हणजे बाहेर. मुलाचा उजवा हात मुलीच्या डाव्या हातात. दोघं उजव्या पायाच्या पुढच्या इनसाइड एजवर आहेत आणि ओपन मोहॉक घेऊन डाव्या पायाच्या मागच्या इनसाइड एजवर जाणार आहेत. दोघांनाही डावीकडे वळायचंय. आता नीट पाहा: डावीकडे वळताना मुलीचं तोंड मुलाकडे होतं, पण मुलाची पाठ मुलीकडे होते. म्हणजे क्षणभर मुलाला साथीदार दिसत नाही, मुलीला दिसतो. म्हणून या वळणाची वेळ मुलीने धरायची आणि मुलाने मोजणीवर विश्वास ठेवून वळायचं. उलटं झालं, मुलाने मान मागे फिरवून पाहिलं, तर त्याचा खांदा उघडतो, इनसाइड एज सुटते आणि तो सरळ रेषेत निघून जातो.

हाताचंही याच वेळी ठरवावं लागतं. वळण संपल्यावर जोडलेले हात दोघांच्याही बाहेरच्या बाजूला येतात, त्यामुळे धरून ठेवलं तर मनगट पिळतं. हात वळणाच्या एक ठोका आधी सोडायचे, कमरेच्या उंचीवरच ठेवायचे, आणि वळून झाल्यावर मुलाचा डावा व मुलीचा उजवा हात जुळवायचा. नवा हात शोधायला डोळे खाली जाऊ देऊ नका. हात नेहमी एकाच उंचीवर आले तर ते आपोआप सापडतात.

दुसरा प्रकार किलियन होल्डमध्ये दिसतो. दोघांचं तोंड एकाच दिशेला, मुलगी मुलाच्या उजवीकडे, मुलाची उजवी कंबर मुलीच्या डाव्या कमरेच्या किंचित मागे. डावे हात मुलाच्या समोरून जोडलेले, आणि मुलाचा उजवा हात मुलीच्या पाठीमागून जाऊन तिच्या उजव्या कमरेवर तिच्याच उजव्या हाताला धरलेला. याच नावाचा किलियन हा नाच कार्ल श्रायटरने बसवला आणि तो १९०९ मध्ये व्हिएन्नाला बर्फावर पहिल्यांदा केला गेला. चाकांवरच्या कपल डान्समध्येही तो आहे. त्यात १४ स्टेप आहेत, दोघंही सारख्याच स्टेप घेतात आणि होल्ड शेवटपर्यंत बदलत नाही. त्यातला चॉक्टॉ डाव्या पायाच्या पुढच्या इनसाइड एजवरून उजव्या पायाच्या मागच्या आउटसाइड एजवर जातो. होल्ड बदलायचा नसल्यामुळे जोडीला एकसंधच फिरावं लागतं. पहिली गोलाई उजवीकडे असते, म्हणून मुलगी आत आणि मुलगा बाहेर असतो. मुलीने पाऊल आखूड ठेवायचं, मुलाने जास्त धावायचं. मुलगी या जागी उत्साहाने पुढे गेली तर मुलाला पार करायला जागाच राहत नाही. दोघांच्या कमरेत फट पडली की चॉक्टॉ संपला समजा, कारण मागे जाताना ती फट भरून काढता येत नाही. मुलीचा उजवा हात तिच्या कमरेवर घट्ट दाबलेला राहिला तर फट पडत नाही, इतकं त्या एका हाताला महत्त्व आहे.

तिसरा प्रकार: वॉल्ट्झ होल्डमधला थ्री

हा सगळ्यात सुंदर, आणि सगळ्यात जास्त चुकणाराही. दोघं समोरासमोर. मुलाचा उजवा हात मुलीच्या पाठीवर खांद्याच्या पात्यापाशी, मुलीचा डावा हात त्याच्या उजव्या दंडावर, खांद्याजवळ. दुसरे हात खांद्याच्या उंचीला बाजूला जोडलेले. एकजण पुढे जातो, दुसरा मागे. पुढे जाणारा थ्री घेतो, मागे वळतो, आणि मग दुसऱ्याचा पुढे जाण्याचा आणि थ्रीचा क्रम येतो. बर्फावरचा युरोपियन वॉल्ट्झ सगळा याच अदलाबदलीवर उभा आहे. त्यात थ्रीची पहिली एज २ ठोके धरतात आणि वळण तिसऱ्या ठोक्यावर येतं. त्याची चाल मिनिटाला १३५ ठोक्यांची, म्हणजे एका ठोक्याला ०.४४ सेकंद. एवढ्या वेळात विचार करता येत नाही, सगळं आधीच ठरलेलं असावं लागतं.

समजा मुलगा डाव्या पायाच्या पुढच्या आउटसाइड एजवर आहे आणि मुलगी उजव्या पायाच्या मागच्या आउटसाइड एजवर. दोघांची गोलाई एकच, मुलाच्या डावीकडे झुकणारी.

पहिला ठोका. दोघांचे गुडघे वाकलेले, घोट्यासकट. मुलाची डावी बाजू थोडी मागे, उजवी थोडी पुढे, म्हणजे खांदे गोलाईच्या दिशेने आधीच फिरू लागलेले. मुलीने तोच फेर स्वीकारून आपले खांदे त्याच्या खांद्यांना समांतर ठेवायचे. दोघांच्या छातींमधलं अंतर सारखं राहिलं पाहिजे. मुलाचा मोकळा उजवा पाय मागे, पण लांब नाही.

दुसरा ठोका. एज अजून आउटसाइडच. इथेच मोह होतो. वळण जवळ आलं म्हणून स्केटर आधीच सपाट होतो किंवा इनसाइडवर येतो, आणि मग टोकावर बदलायला एज उरत नाही. बूट घासत फिरतो आणि खरखर आवाज येतो. आवाज हा उत्तम परीक्षक आहे. स्वच्छ थ्रीचा आवाज जवळजवळ येत नाही. याच ठोक्यात मुलाचा मोकळा पाय डाव्या टाचेजवळ आला पाहिजे, आणि ठोक्याच्या शेवटी दोघांचे गुडघे एकत्र वर यायला लागतात. एकाचेच वर आले तर खांद्यांच्या उंचीत फरक पडतो, जोडलेला हात वर खेचला जातो आणि मुलीची एज सपाट होते.

तिसरा ठोका. मुलगा वळतो. कमरेखालचा भाग फिरतो, खांदे मात्र जिथे होते तिथेच थांबतात. याला चेक म्हणतात. बर्फावर पुढून मागे वळताना भार पंजाच्या गादीवर येतो आणि मागून पुढे येताना टाचेकडे. क्वाडवरही भार क्षणभर सरकवून चाकांची एक जोडी हलकी करावीच लागते, कारण चारही चाकांवर सारखा दाब असेल तर ती जमीन पकडून बसतात आणि पीळ गुडघ्यात जातो. पण चाकं उचलायची नाहीत. उडी मारून वळणारा स्केटर जोडीदाराच्या बुटावर उतरतो.

आता भूमितीकडे परत. या अर्ध्या फेऱ्यात मुलगा मागून पुढे जातो आणि मुलगी पुढून मागे येते. डावीकडच्या गोलाईत मुलगा मुलीच्या बाहेरून जातो आणि मुलगी आतून. थ्री ज्याचा, लांब पल्ला त्याचा. म्हणून मागे जाणाऱ्याची जबाबदारी अगदी स्पष्ट आहे: आपली एज वाकवत राहायची आणि पळायचं नाही. तिची एज सरळ झाली तर मुलाला तिला ओलांडताच येत नाही, तो तिच्या छातीशी अडकतो आणि प्रेक्षकांना वाटतं की त्याचा थ्री कच्चा. जोडीच्या थ्रीमध्ये मागे जाणारी व्यक्ती दिसते शांत, पण वळण यशस्वी करणारी तीच असते. सरावाचा अर्धा वेळ तिच्या एजला द्यावा असं आमचं ठाम मत आहे.

पुढच्या ठोक्याला मुलगा उजव्या पायाच्या मागच्या आउटसाइड एजवर पाऊल ठेवतो आणि मुलगी डाव्या पायाच्या पुढच्या आउटसाइड एजवर. मुलगी मागून पुढे येताना तिने पाऊल मुलाच्या दोन पायांच्या रेषेजवळ ठेवायचं, लांब नाही. लांब ठेवलं तर पहिल्याच ठोक्यात अंतर वाढतं, आणि तिचा थ्री येईपर्यंत तिचा हात पूर्ण ताणलेला असतो.

काय बिघडतं, आणि का

हाताने ओढणं सगळ्यात वरचं. ते ओळखायला एक सोपी चाचणी आहे. जोडलेल्या तळहातांमध्ये कागदाची घडी ठेवा आणि वळण घ्या. कागद पडला तर हात सुटले. कागद चुरगळला तर ओढाताण झाली. कागद तसाच राहिला तर होल्ड बरोबर. वॉल्ट्झ होल्डमध्ये दाब मुलाचा उजवा तळहात आणि मुलीची पाठ यांच्यात असतो, दोन्ही बाजूंनी सारखा. मुलीने पाठ त्या हाताकडे थोडी द्यायची. तिने पाठ काढून घेतली तर मुलाला तिची गोलाई कळत नाही आणि तो बोटांनी पकडतो, त्यातून तिला अस्वस्थ वाटतं, आणि मग दोघंही ताठ होतात.

दुसरं, खाली पाहणं. मान खाली गेली की वजन पंजाकडे जातं, टो स्टॉपर (पंजापुढचा रबरी ब्रेक) जमिनीला लागतो आणि दोघं पुढे कोसळतात. नजर जोडीदाराच्या खांद्यावरून पलीकडे, डोळ्यांच्या उंचीला. टो स्टॉपर खूप खाली असेल तर तो आधी वर घ्या.

तिसरं, मोकळा पाय. एकट्याने करताना तो थोडा बाहेर फिरला तरी चालतं, जोडीत तो साथीदाराच्या नडगीवर बसतो. टाचेजवळ पाय आणण्याची सवय लागेपर्यंत वॉल्ट्झ होल्ड घेऊ नका, हातात हातच ठेवा.

चौथं थोडं सूक्ष्म आहे: वळण बरोबर होतं, पण नंतर जोडी फिरतच राहते. चेक चुकलेला असतो. खांदे कमरेबरोबर फिरले म्हणून थांबवायला काहीच उरत नाही. इथे दोघांपैकी एकाने चेक केला आणि दुसऱ्याने नाही, तर चेक करणाऱ्याचा खांदा दुखू लागतो. खांदा दुखतो अशी तक्रार आली की चूक दुसऱ्या साथीदारात शोधा.

मोहॉक न जमण्यामागे कधी कधी शरीरच असतं. ओपन मोहॉकमध्ये मोकळ्या पायाची टाच चालत्या पायाच्या आतल्या बाजूला टेकवावी लागते, त्यासाठी नितंबाचा सांधा उघडला पाहिजे. भिंतीला पाठ टेकवून, टाचा जुळवून पंजे बाहेर उघडून उभे राहा, गुडघे पंजांच्या दिशेने वाका. गुडघे आत पडत असतील तर सांधा अजून उघडत नाही. पाय जबरदस्तीने फिरवू नका, पीळ गुडघ्याला बसतो. रोज दोन-दोन मिनिटं हेच करत राहिलं तर फरक पडतो.

जमीन आणि हवा

विदर्भातल्या गावात रिंक नसतं. असतं ते शाळेचं सिमेंटचं मैदान, मंगल कार्यालयाचा हॉल, बाजार समितीचा ओटा. ओट्यावर सोयाबीन किंवा तूर वाळत घातली असेल त्या दिवसांत वळणांचा सराव करू नका, झाडल्यावरही भेगांत दाणे राहतात, आणि एक दाणा एका बाजूचं चाक अडवायला पुरतो. कापसाच्या हंगामात चाक आणि ट्रकच्या मधल्या आसावर तंतू गुंडाळले जातात. आठवड्याला चाकं काढून ते ओढून टाका, नाहीतर एक चाक जड फिरतं आणि स्केट सतत एका बाजूला जातो. काळ्या मातीची बारीक धूळ सिमेंटवर असली की एज निसटते. ओलं पोतं फिरवून जमीन पूर्ण वाळू द्या आणि मगच चढा.

चाकं युरेथेनची असतात आणि ती उष्णतेने मऊ पडतात. मे महिन्यात उन्हात तापलेल्या स्लॅबवर चाक इतकं धरतं की थ्रीच्या टोकावर बूट अडकतो आणि गुडघा पुढे फिरतो. उन्हाळ्यात वळणं पहाटे करा, ऊन चढल्यावर मोजणी आणि पायी सराव. थंडीत उलटं होतं: सकाळी चाक कडक, त्यात दव असेल तर एज टिकत नाही, म्हणून ऊन येऊ द्यावं.

जागा किती लागते? बॅडमिंटन कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटरचं असतं. त्यात ३ मीटर त्रिज्येचं वर्तुळ जेमतेम बसतं. जोडीच्या थ्रीसाठी ते पुरतं, पण वेग कमी ठेवावा लागतो. खुंटी, ३ मीटर सुतळी आणि खडू घेऊन वर्तुळ काढा. जोडीची मध्यरेषा खडूवर, आतला आत, बाहेरचा बाहेर. मोबाईल वर्तुळाच्या केंद्रात ठेवून चित्रण केलं तर अंतर कुठे वाढलं ते लगेच दिसतं. बाजूने काढलेल्या चित्रणात दिसत नाही.

गावात मुलगा-मुलगी अशी जोडी जमवणं सोपं नसतं. सराव बहीण-भाऊ, चुलत भावंडं किंवा दोन मुलींनी मिळून केला तरी तंत्र तेच. दोघींनी आलटून-पालटून दोन्ही बाजू शिकल्या तर उलट फायदाच होतो, कारण मागे जाणाऱ्याची अडचण पुढे जाणाऱ्याला कळते. हात कुठे असतो आणि का असतो, ते घरच्यांना बोलावून जमिनीवर दाखवा. पाठीवरचा हात खांद्याच्या पात्यावर, किलियनचा हात कमरेच्या हाडावर तिच्या स्वतःच्या हातावर. एवढं स्पष्ट दाखवलं की शंका राहत नाही आणि मुलांचाही ताठरपणा जातो.

सराव कसा चढवायचा

सुरुवात चपला घालून, जमिनीवर. खडूच्या गोलाईवर चालत, मोठ्याने मोजत: एक, दोन, वळ. तिसऱ्या प्रकारात मोजणी मागे जाणाऱ्याने करावी, कारण वळणाऱ्याचा श्वास त्या वेळी वळणात असतो. मग स्केटवर, वळण न घेता, फक्त होल्ड आणि एक गोलाई, दोन्ही दिशांनी. कागद न पडता पूर्ण वर्तुळ झालं की वळण जोडा, आणि तेही थांबण्याच्या बेताच्या वेगाने.

या टप्प्यावर एकमेकांचे तळहात धरण्याऐवजी कोपराखालचा हात धरा. मनगटाच्या गार्डची कडक पट्टी साथीदाराला लागत नाही आणि सोडायलाही सोपं जातं. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड दोघांनाही. पडण्याचा नियम आधीच ठरवून ठेवा: एकजण पडायला लागला की दुसऱ्याने हात सोडायचा. धरून ठेवण्याची इच्छा माणुसकीची असते, पण त्याने दोघं पडतात आणि वरचा खालच्याच्या हातावर पडतो. सोडण्याचाही सराव करा, इशाऱ्यावर हात उघडायचे आणि दोघांनी वेगवेगळ्या बाजूला निघायचं.

संगीत सगळ्यात शेवटी. चाकांवरच्या सुरुवातीच्या नाचांत सिटी ब्लूज मिनिटाला ८८ ठोक्यांवर चालतो आणि ग्लाइड वॉल्ट्झ १०८ वर. ग्लाइड वॉल्ट्झच्या चालीत एका ठोक्याला साधारण ०.५६ सेकंद मिळतात. मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठराविक गतीने ठोके वाजवणारं, मोफत अ‍ॅप मिळतं. ७० पासून सुरू करा, प्रत्येक चालीवर सलग आठ स्वच्छ वळणं आली की ४ ठोक्यांनी वाढवा. मध्येच कागद पडू लागला तर चाल ८ ने खाली आणा आणि आधी मागे जाणाऱ्याची एज तपासा, वळणाऱ्याचा पाय नंतर.

मुलीचा थ्री आणि मुलाचा थ्री सारख्याच चालीवर येईपर्यंत पुढची चाल घेऊ नका. एकाच बाजूचं वळण पक्कं असलेली जोडी पहिल्या अदलाबदलीपर्यंत छान दिसते आणि दुसऱ्या थ्रीला तुटते. जी बाजू कच्ची असेल तिच्यापासून त्या दिवसाचा सराव सुरू करा, पाय ताजे असताना.